दगडू, धोंडू आणि नकुसा : ही नावं आली कुठून अन् गेली कुठं?

गावची मतदार यादी मोबाईलवर उघडून बघा. यादीत प्रत्येकाच्या नावाखाली वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, शेजारी वय असतं. वय पंचविशीच्या आतबाहेर असेल तिथं ओंकार, वैष्णवी, प्रतीक, साक्षी अशी नावं दिसतील. पन्नाशीच्या जवळ गेलात की संजय, सुनील, मंगल, सुरेखा सुरू होतात. आणि सत्तरी ओलांडली की मग कुठंतरी एखादा दगडू, एखादा धोंडीराम, एखादी दगडाबाई सापडते. सापडली तर! बऱ्याच गावांत आता हे नाव पहिल्या रकान्यात उरलेलंच नाही. ते वडिलांच्या रकान्यात सरकलंय. आणखी वीस वर्षांनी तिथूनही जाईल.

एकेकाळी मात्र वाड्यावस्त्यांवर हाक मारली की दोन-तीन दगडू वळून बघायचे. मग ओळख पटावी म्हणून वरच्या आळीचा दगडू, मळ्यातला दगडू असं सांगावं लागायचं. आज पाळण्यातल्या बाळाचं नाव दगडू ठेवलेलं कुणी ऐकलंय का? इतकं चालणारं नाव दोन पिढ्यांत असं दिसेनासं कसं झालं, आणि मुळात पोटच्या पोराला आईबापानं दगड का म्हणावं, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

दगड म्हणजे टिकणारा

दगड या शब्दाला लाडाचा ऊ लागला की दगडू. बाळचा बाळू होतो, तसंच. धोंड्याचं धोंडू, धोंडी, धोंडिबा, धोंडीराम, धोंडो. बाईमाणसात दगडाबाई, धोंडाबाई. गुंडू हेही त्याच घरचं. गुंडा म्हणजे गोटा. कर्नाटकाच्या सीमेवर कोल्हापूर-सांगलीकडं कल्लाप्पा हे नाव भेटतं. कन्नडात कल्लू म्हणजे दगड. म्हणजे भाषा बदलली तरी दगड बदलला नाही.

एक गैरसमज इथंच मिटवलेला बरा. सिनेमाचे जनक दादासाहेब फाळके यांचं नाव धुंडिराज. ते या धोंड्यातलं नाही, ते गणपतीचं नाव आहे. ऐकायला सारखं वाटतं म्हणून लोक दोन्ही एक करतात.

आता हे नाव का? कारण साधं आणि दुःखाचं आहे. लेकरं जगत नव्हती. एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं सव्वा महिन्याचं होऊन गेलं. देवी, पटकी, गोवर, धनुर्वात, हगवण यातलं काही ना काही दर पावसाळ्याला यायचं. दवाखाना तालुक्याला, आणि तालुका बैलगाडीनं दिवसभराच्या वाटेवर. अशा घरात मूल झालं की आनंदापेक्षा धास्ती जास्त. मग लोकांनी एक युक्ती काढली. मुलाला चांगलं नाव द्यायचंच नाही. राजा, मोती, हिरा म्हटलं तर कुणाची तरी नजर जाणार. माणसाची जाईल, सटवाईची जाईल, यमाची जाईल. पण दगडाकडं कोण बघतं? वाटेत पडलेला दगड कुणी उचलून नेत नाही. म्हणून हा दगडू. हा आमच्या काही कामाचा नाही, याला नेऊन तुम्हाला काय मिळणार, असं मृत्यूला सांगायची ती रीत.

दुसरा अर्थही त्यातच होता. दगड ऊन-पावसात टिकतो. बारशाच्या दिवशी बायका पाळण्याच्या खालून-वरून वरवंटा फिरवतात, त्याला बाळासारखं नटवतात, मग बाळाशेजारी ठेवतात. आज शहरातल्या हॉलमध्ये फुगे लावून बारसं होतं तिथंही वरवंटा लागतोच. तो का, हे विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. बाळ या वरवंट्यासारखं घट्ट होऊ दे, एवढंच त्यामागं. दगडू हे नाव म्हणजे तोच वरवंटा, फक्त जन्मभर बरोबर राहणारा.

धोंड्याच्या महिन्यात, म्हणजे अधिक मासात जन्मला म्हणून धोंडू, असंही जुनी माणसं सांगतात. काही घरांत तसं झालंही असेल. पण अधिक महिना साधारण तीन वर्षांतून एकदा येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. तेवढ्यावर इतके धोंडू होत नाहीत. आणि दगडूला तर तो हिशेब लागूच पडत नाही. पाऊस लांबला की पोराला लिंबाचा पाला बांधून दारोदार धोंडी काढतात, तीही रीत वेगळी.

केरू, भिकू, उकिरडा

दगडू एकटा नव्हता. केरू आणि केरबा, म्हणजे केरातला. कचरू म्हणजे कचऱ्यातला. उकिरडा हे तर थेट नावच. मूल जन्मलं की ते सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवायचं, आणि ठरलेल्या बाईनं ते ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं. किंवा सुईणीच्या ओटीत टाकायचं आणि पसाभर धान्य देऊन तिच्याकडून परत ‘विकत’ घ्यायचं. मूल आता आपलं नाही, दुसऱ्याचं आहे. आपल्या घराला लागलेली पीडा त्याला ओळखणार नाही, अशी समजूत. भिकू आणि भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. नथू म्हणजे मुलगा असून नाकात नथ घातलेला, म्हणजे बघणाऱ्याला मुलगी वाटावी.

हे फक्त आपल्याकडचंच खूळ होतं असं समजू नका. तेलुगूत पेंटय्या आहे, पेंटा म्हणजे उकिरडा. तमिळमध्ये कुप्पुस्वामी, कुप्पै म्हणजे केरकचरा. गुगलचे प्रमुख सुंदर पिचई यांच्या नावातला पिच्चै म्हणजे भिक्षा. आपला भिकू तोच. उत्तर प्रदेश-बिहारकडं घुरहू, घूर म्हणजे उकिरडा. बंगालात तिनकडी, म्हणजे तीन कवड्यांना घेतलेला, आणि पाचकडीही आहे. चीनच्या खेड्यात ‘कुत्र्यानं उष्टं टाकलेला’ अशा अर्थाचं नाव मुलाला ठेवायचे. मंगोलियात तर नेर्गुई हे नाव अजून आढळतं, त्याचा अर्थ ‘नाव नसलेला’. जिथं जिथं पाळणे रिकामे होत होते, तिथं तिथं आईबापांना हीच युक्ती सुचली. त्यांनी एकमेकांना विचारलं नव्हतं.

एकच दगड, तीन किमती

इथवर गोष्ट आईबापाच्या मायेची आहे. पण तेवढीच सांगितली तर ती अर्धीच होईल.

दगड सगळ्या जातींत होता. दुसऱ्या बाजीरावानं दत्तक घेतलेले, १८५७ च्या लढ्यातले नानासाहेब पेशवे यांचं नाव धोंडोपंत. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घालवणारे महर्षी कर्वे यांचं नाव धोंडो केशव. १८५८ मध्ये जन्मले, १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन गेले. धोंडो नाव सार्थ केलं म्हणायचं. पुण्यातला सगळ्यात नावाजलेला गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावानं ओळखला जातो. नवसाला येणाऱ्या लाखो लोकांच्या तोंडी रोज दगडू हे नाव असतं, फक्त ते आता मिठाईवाल्या माणसाचं नाव होतं हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पण बघा, एकाला पंत लागला, एकाला शेठ लागला. गावकुसाबाहेरच्या दगडूला काय लागलं? त्याला ‘दगड्या’ म्हटलं गेलं. धोंडूचा ‘धोंड्या’ झाला. वरच्या घरातल्या पोरापुढं जी, राव, पंत चिकटायचे. खालच्या मानलेल्या घरातल्या म्हाताऱ्यालाही ‘या’ लावून हाक मारली जायची. नाव एकच, पण ते कोण कुणाला कसं म्हणतो यावर त्याची किंमत ठरायची.

आणि काही वेळा नाव आईबापानं ठेवलेलंही नसायचं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सांगून ठेवलंय की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळ सांगणारं, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं असावं. गावातल्या कुणी ही पोथी वाचलेली नसली तरी रीत तीच चालत आलेली. चांगलं नाव ठेवलं तर ‘आमच्या पोराचं नाव तुमच्यात कशाला?’ असं विचारणारे होते. त्यामुळं दगडू हे नाव एका घरात मृत्यूला चुकवण्यासाठी होतं, तर दुसऱ्या घरात पायरी दाखवण्यासाठी. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. ज्याला ते नाव घेऊन शाळेत बसावं लागलं, त्याला कळतो.

दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं. त्यांचं जन्माचं नाव दगडू मारुती पवार. पुस्तकाची मांडणीच अशी आहे की दया पवार आणि दगडू पवार एकमेकांशी बोलतायत. शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस एकीकडं आणि नगर जिल्ह्यातल्या महारवाड्यातलं पोर दुसरीकडं. नाव बदललं म्हणून मागचा दगडू सुटत नाही, तो बसलेलाच असतो समोर. नावावर एवढं खरं मराठीत क्वचितच कुणी लिहिलं असेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला. त्यानंतरच्या घरांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, आनंद, सुजाता, यशोधरा ही नावं आली. गावोगावच्या शाळांच्या जुन्या जनरल रजिस्टरमध्ये हा बदल चांगला दिसतो. बापाचं नाव धोंडिबा, पोराचं नाव सिद्धार्थ. एका ओळीत सगळा बदल. इतर समाजांत दगडू हळूहळू गेला, इथं तो ठरवून घालवला.

नाव गेलं ते लसीमुळं

मग बाकीच्या घरांतून दगडू का गेला? लोक म्हणतात, शिक्षण वाढलं, सिनेमे आले, नावं बदलली. ते खरंच आहे. पण मोठं कारण दुसरं आहे. मुलं जगायला लागली.

१९७१ मध्ये देशात जन्मलेल्या दर हजार मुलांमागे १२९ मुलं वर्षाच्या आत जात होती. म्हणजे आठातलं एक. २०२० मध्ये हा आकडा देशात २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. देवीचा रोग भारतात १९७५ मध्ये शेवटचा दिसला. १९८५ मध्ये सगळ्या मुलांसाठी लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला. प्राथमिक आरोग्य केंद्र झालं, उपकेंद्र झालं, अंगणवाडी आली, आशाताई आली. आज गावातली आई बाळाच्या करंगळीवर शाई लावून घेते आणि लसीचं कार्ड ट्रंकेत जपून ठेवते. पूर्वी जे काम दगडू या नावाकडून अपेक्षित होतं, ते आता या कार्डाकडून होतं. धास्ती कमी झाली तसं चांगलं नाव ठेवायचं धाडस आलं.

जुनी युक्ती पुरती मेली मात्र नाही. बाळाच्या गालाला काळा तीट लावतातच. मीठ-मोहरीनं दृष्ट काढतातच. फक्त तीट धुता येतो, नाव धुता येत नाही.

नाव दुर्मिळ झालं आणि मग ते चेष्टेला लागलं. २०१४ च्या ‘टाइमपास’ सिनेमातल्या नायकाचं नाव दगडू. सिनेमा चालला, पोरांनी एकमेकांना दगडू म्हणायला सुरुवात केली. नायक म्हणून दगडू पडद्यावर आला हे चांगलंच, पण नाव ऐकूनच हसू यावं अशी त्यात सोय होती. ज्या नावावर चाळीस वर्षांपूर्वी कुणी हसलं नसतं, ते हसण्याचं नाव झालं. गंमत अशी की आता लोक मुद्दाम दुर्मिळ नाव शोधतात. गावात दुसरं कुणाचं नसलं पाहिजे म्हणून रात्र रात्र मोबाईल चाळतात. मग अर्थ विचारला की परत मोबाईलच काढावा लागतो. दगडूचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता.

नकुसा मात्र वेगळी

आता त्या नावाकडं येऊ, जे या यादीत बसवलं जातं पण खरं म्हणजे बसत नाही.

नकुसा, नकुशी, नकोशी. अर्थ सांगायची गरज नाही. सातारा, सांगली या भागांत हे नाव होतं, इतर जिल्ह्यांतही तुरळक भेटतं. पुष्कळ जण म्हणतात की तेही दृष्ट लागू नये म्हणूनच ठेवायचे, दगडूसारखंच. हे पटत नाही. बारकाईनं बघा. दगडू हे नाव ठेवताना घरच्यांना मूल हवं होतं. नको असलंच तर ते मृत्यूला नको व्हावं अशी इच्छा होती. नकुसा हे नाव ठेवताना मूल घरच्यांनाच नको होतं. दोन-तीन मुली झाल्या, आता चौथी झाली, ‘देवा आता पुरे कर, पुढच्या वेळी मुलगा दे’, असा तो देवाला दिलेला निरोप. निरोप देवाला आणि तो वाहायचा त्या पोरीनं, जन्मभर.

मुलगी म्हणूनच वाईट नाव असं सरसकट नव्हतं, हेही लक्षात घ्या. दगडाबाई, धोंडाबाई ही नावं मुलींना ठेवली जायची ती त्या जगाव्यात म्हणून. मराठवाडा मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढलेल्या दगडाबाई शेळके होत्या. जयपूर-अत्रौली घराण्याच्या मोठ्या गायिका धोंडूताई कुलकर्णी कोल्हापूरच्या. त्यांच्या नावात दगड आहे, नकार नाही. फरक मुलगा-मुलगीचा नाही, आईबापाच्या मनात काय होतं याचा आहे.

नकुसाच्या बहिणी देशभर आहेत. हरियाणात भतेरी, म्हणजे पुष्कळ झालं. काफी, म्हणजे पुरे. राजस्थानात धापू, म्हणजे पोट भरलं. कुठं अंतिमा. बंगालात आन्नाकाली, म्हणजे काली माते, आता आणखी नको. तमिळनाडूत ‘नको’ याच अर्थाचं वेंडा. या सगळ्या नावांत एक सारखेपणा आहे : ती मुलीबद्दल काहीच सांगत नाहीत, सगळं तिच्यानंतर येणाऱ्या न जन्मलेल्या भावाबद्दल सांगतात.

२०११ च्या जनगणनेचे पहिले आकडे आले तेव्हा शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८८३ मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. सातारा जिल्ह्यात ८८१. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून आहे, तरी ही गत. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात प्रशासनानं आणि आरोग्य विभागानं नकुसा नावाच्या मुली शोधायचं ठरवलं. शोधल्यावर २८५ मुली निघाल्या. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात कार्यक्रम झाला. मुलींनी स्वतःला आवडलेली नावं निवडली, कुणी ऐश्वर्या झाली, कुणी सावित्री, आणि नव्या नावाची प्रमाणपत्रं हातात घेतली. परदेशी वर्तमानपत्रांनीही ती बातमी छापली.

एका जिल्ह्यात, शाळा-अंगणवाडीच्या वयाच्या आसपासच्या, एकाच नावाच्या २८५ मुली. म्हणजे दगडू हे नाव मरत चाललेलं असताना नकुसा जिवंत होतं. लस आली, दवाखाना आला, म्हणून दगडूची गरज संपली. नकुसाची गरज लसीनं संपणारी नव्हती, कारण तिचा रोग पाळण्यात नव्हता, घरातल्या मोठ्यांत होता. उलट सोनोग्राफीचं मशीन आल्यावर काही ठिकाणी नकुसा हे नाव ठेवायची वेळच आली नाही. नाव कमी झालं म्हणून लगेच आनंद मानायचं कारण नाही, ते कशामुळं कमी झालं हेही बघावं लागतं.

२०१६ मध्ये स्टार प्रवाह वाहिनीवर ‘नकुशी’ नावाची मालिका आली, घराघरांत पाहिली गेली. त्यातून हे नाव शहरातल्या लोकांना कळलं. पण ज्या गावात एखादी नकुसा आजही चाळिशीत-पन्नाशीत आहे, तिला कार्यक्रमाला कुणी बोलावलं नव्हतं. तिचं लग्न झालं तेव्हा सासरी नाव बदललं असेल तर ठीक. नाहीतर बचत गटाच्या रजिस्टरमध्ये, रेशन कार्डावर, बँकेत, रोज ती नकुसाच.

नाव बदलायचं असेल तर

असं नाव घेऊन जगणाऱ्या कुणाला ते बदलायचं असेल तर रस्ता आहे, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही.

मुलगी शाळेत असेल तर आधी शाळेत जा. शाळा सुटण्याआधी नाव दुरुस्त करणं सोपं जातं. एकदा दाखला हातात पडला की त्यावरचं नाव बदलून घेणं फार जिकिरीचं होतं. शाळा सुटलेली असेल, वय वाढलेलं असेल, तर शासनाच्या राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापून घ्यावी लागते. त्याला लोक गॅझेट म्हणतात. हा अर्ज आता ऑनलाइन होतो, तालुक्याच्या सेवा केंद्रातून भरता येतो. लहान मुलांसाठी पालक अर्ज करतात. गॅझेट हातात आलं की ते जोडून आधार, पॅन, बँक, मतदार यादी या क्रमानं नाव बदलत जायचं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळं स्पेलिंग तिथंच नीट तपासा. जुन्या दाखल्यांवर जुनंच नाव राहतं, म्हणून गॅझेटची प्रत जन्मभर जपून ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनाही हेच लागतं.

दगडूंच्या वारसांची अडचण निराळी. आजोबा घरात धोंडीराम, सातबाऱ्यावर धोंडी, सोसायटीत धोंडिबा आणि मृत्यूच्या दाखल्यावर धोंडू. माणूस एक, नावं चार. वारस नोंद करताना, पीक विम्यात, पीएम किसानच्या हप्त्यात हेच नडतं. वर्षाचे सहा हजार एका वेलांटीवर अडकलेले शेतकरी प्रत्येक तालुक्यात आहेत. अशा वेळी ही चारही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं, सोबत जुना फेरफार, सोसायटीचा उतारा, जे काही सापडेल ते जोडावं. सातबाऱ्यावर लिहिताना झालेली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडं दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तलाठ्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, तरी गावात त्यांना तलाठीच म्हणतात. नाव बदलायला वेळ लागतो याचा याहून चांगला दाखला नाही.

नवीन बाळाच्या बाबतीत आता जास्त जपावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा प्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्म दाखला हाच मुख्य पुरावा आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची. नाव ठरलं नसेल तरी नोंद करून ठेवा. नाव १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या शासकीय कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. म्हणजे आईचं नाव नकुसा असेल, तर ते आता लेकराच्या दाखल्यावरही छापलं जाणार. बदलायचं असेल तर बाळाची नोंद होण्याआधी तिचं गॅझेट करून घेतलेलं बरं.